एका घराची एकच नळी

कन्हेरीत माझ्या वडिलांच्या, मानसिंगतात्यांच्या शब्दाबाहेर सहसा कुणी जात नाही. ठिबक त्यांनी आणलं, माती परीक्षणही त्यांनीच. त्यामुळे बारामतीत जनुक तपासणीचं केंद्र काढायला एक कंपनी आली, तेव्हा तात्यांनी आधी स्वतः पैसे घातले, मग गावाला घालायला लावले. "मातीची तपासणी करता, मग माणसाची का न्हाय?" एवढंच ते म्हणाले.

खरं कारण माझा निहार. त्याच्या पायांतली ताकद चाललीय. हा आजार आईकडून मुलाला येतो, दोष माझ्यात आहे आणि तो माझ्या आईकडून आलाय, हे पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. प्रश्न माझ्या धाकट्या बहिणीचा, छकुलीचा होता. तिला तिसरा महिना लागला होता, ती माहेरी आली होती. मी म्हटलं, पुण्याला नेऊ.

तात्या म्हणाले, "आपलं केंद्र सोडून पुण्याला? मग गावानं कुणाच्या तोंडाकडं बघून पैसं घातलं?"

केंद्राकडून थुंकी भरून द्यायच्या नळ्या आल्या तेव्हा मी इंदापूरला, सासरी होते. ओट्यावर सगळे जमले. शेजारचे आबाजी म्हणाले, "मानसिंगराव, माझ्या थुंकीत तंबाखू हाय. मशीन झिंगंल." हशा झाला. शेतातली चार ठिकाणची माती कालवून तिची एकच पुडी पाठवतात, तशी तात्यांनी प्रत्येक घराची एकच नळी भरून घेतली. आईची आणि छकुलीची थुंकी एकाच नळीत गेली.

अहवाल आला, दोष आहे. आईत तर तो असणारच होता. छकुलीचं काय, ते त्यावरून कळेना. दुसरी नळी मागवली, तोवर कंपनीनं केंद्राला कुलूप लावलं होतं. गावाचे पैसे गेले. छकुलीला घेऊन आम्ही पुण्याला पोहोचलो, तेव्हा डॉक्टर म्हणाले, पोटातल्या बाळाचं तपासून काही ठरवायला आता उशीर झालाय.

मुलगा झाला. युवराज आता भिंतीला धरून चालतो. त्याची तपासणी कधीही होऊ शकते. मी विषय काढला की छकुली म्हणते, "ताई, निहारचं तुला कळलं. तू काय केलंस?"

परवा ती असं म्हणाली तेव्हा तात्या तिथंच होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी एकदा तिला तपासणीला चल म्हणावं म्हणून. ते उठून बाहेर गेले.