मुल्ला सरांच्या तीन कसोट्या

मिरजेच्या आमच्या कॉलेजात दर वर्षी ऑफिसमध्ये सत्यनारायण असायचा, आणि मुल्ला सर दर वर्षी बाहेर लिंबाखाली उभे राहायचे. पूजा आटोपली की स्वतःहून शिरा मागून घ्यायचे. "घरी घाला, आवं, सतरंज्या अंथरायला येतो," असं प्राचार्यांना सांगायचे, "पण हापिसात नको. खुर्ची सगळ्यांची असती." शुक्रवारी नमाजला जायचे तेही अर्ध्या दिवसाची रजा टाकून. दोन्हीकडचे लोक त्यांना तऱ्हेवाईक म्हणत. मीही म्हणायचो.

शिकवायचे राज्यशास्त्र, पण जीव अडकलेला अमेरिकेच्या राज्यघटनेत. स्वतः कधी पुण्यापलीकडे गेले नाहीत, तरी तिथली पहिली घटनादुरुस्ती सांगताना त्यांचा आवाज कापरा व्हायचा. "सरकारनं कुठला धर्म उभा करायचा न्हाई, अन् कुणाचा आडवायचा न्हाई. संपलं, गड्या!" मग फळ्यावर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या तीन कसोट्या. कायद्याचा हेतू धार्मिक आहे का? त्यानं एखाद्या धर्माला बळ किंवा धक्का मिळतो का? सरकार आणि धर्म एकमेकांत गुंततात का? "एकीत नापास, तर कायदा खलास." आडनावावरून कुणी हसलं की म्हणायचे, "मुल्ला सांगतोय म्हणून तरी पटू द्या की."

खंडाळ्याकडच्या खेड्यातून आलेल्या मला त्यांनी घरी जेवू घातलं, शिकवलं. ते निवृत्त झाले आणि त्यांच्याच जागी मी लागलो. जाताना त्यांनी आपल्या पिवळ्या पडलेल्या नोट्स माझ्या हातात ठेवल्या. मी त्याच शिकवत राहिलो. पुढे वाचनात आलं की अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं त्या कसोट्या केव्हाच सोडून दिल्यात; आता म्हणे इतिहास आणि परंपरा पाहतात. हे सांगायला सरांच्या घरी गेलो, तर ते चहा ओतता ओतता कसोट्यांवरच बोलत होते. माझी जीभ रेटेना. म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवा, अशी मी मनाची समजूत घातली. खरं तर तो भित्रेपणा होता.

सरांची एकुलती एक लेक नसरीन अमेरिकेतल्या एका लहान गावात राहायची. गेल्या वर्षी तिच्या मुलाच्या वर्गात बायबलमधल्या आज्ञांचा तक्ता लागला आणि बाई रोज सकाळी तो मुलांकडून म्हणून घेऊ लागल्या. तिनं फोनवर वडिलांना विचारलं. सरांना स्फुरण चढलं. "तिन्ही कसोट्यांत नापास! नावानिशी तक्रार कर, बेटा. कोर्ट तुझ्या बाजूनं हाय." नवऱ्याचं ग्रीन कार्ड अडकलेलं, तो नको नको म्हणत होता. तिनं सही केली.

मला कळलं तोवर फार उशीर झाला होता. वकिलानं तिला सांगितलं की त्या कसोट्या आता चालत नाहीत, निकाल कसाही लागेल. दाराशी घाणेरड्या चिठ्ठ्या येऊ लागल्या. मुलाशी वर्गात कुणी बोलेना. शाळेची वेळ झाली की पोर ओकायचं. शेवटी तक्रार मागे घेऊन त्यांनी गाव सोडलं. नसरीननं वडिलांना एकच फोन केला, वकिलाचं म्हणणं सांगितलं. "अब्बा, तुम्ही शिकवलेली अमेरिका इथं नाहीये." त्यानंतर तिनं त्यांचा फोन घेतला नाही.

सरांचं अन्नपाणी तुटलं. दिवसभर तिचा नंबर लावायचे, घंटी संपेपर्यंत ऐकायचे, पुन्हा लावायचे. पुढे हॉस्पिटलात ठेवावं लागलं. तिथं मात्र मला राहवलं नाही.

"सर, कसोट्या गेल्याचं मला आधीच ठाऊक होतं."

त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मग पोरांना तरी खरं सांगतोस न्हवं रं?"

परीक्षेत अजून त्याच कसोट्यांवर प्रश्न येतो, दहा गुणांना. "न्हाई, सर," मी म्हणालो.

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. तिसऱ्या दिवशी सर गेले.

नसरीनला मीच फोन केला. माझा नंबर पाहून तिनं उचलला. बराच वेळ नुसती रडत होती. मग म्हणाली, "दादा, अब्बांना खरंच माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"इतकी माणसं ओळखीची, इतके विद्यार्थी. कुणीच कसं सांगितलं नाही त्यांना?"

"काय माहीत," मी म्हणालो.