बंबाला जागा नसलेलं घर

अकोल्यात घर बांधायला काढलं तेव्हा मी नकाशावरून तीन महिने भांडलो. इंजिनीअरशी, बायकोशी आणि कुणीच उरलं नाही तेव्हा स्वतःशी. एका बाबतीत मात्र भांडायची सोयच नव्हती. गच्चीवर पाणी तापवायचं सोलर दाखवल्याशिवाय नव्या घराचा नकाशा मंजूर होत नाही, असं इंजिनीअरनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. मला आनंदच झाला. धूर नाही, राख नाही, कटकट नाही.

प्रश्न होता बाबांचा. दर्यापूरकडच्या आमच्या गावी बाबा रोज पहाटे उठून तांब्याचा बंब पेटवायचे. कापूस वेचून झाल्यावर उपटलेली वाळकी पऱ्हाटी मागच्या अंगणात रचलेली असे. ती मोडल्याचा कडकड आवाज आला की मी गोधडीत आणखी आत शिरायचो. मग धुराचा वास यायचा आणि बाबांची हाक, "उठा बाप्पा, पाणी तापलं!" आधी आई, मग बहीण, मग मी. ते स्वतः सगळ्यांत शेवटी, उरल्यासुरल्या कोमट पाण्यानं. शेतात कामाची कितीही घाई असो, बंबाला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. अजूनही कुठे पऱ्हाटी जळल्याचा वास आला की मला आईबाबांची फार आठवण येते.

आई घर बांधायच्या आधीच गेली होती. ऐन वैशाखात वास्तुशांत झाली आणि त्याच दिवशी बाबा कायमचे आमच्याकडे राहायला आले. दोन पिशव्या कपडे आणि जीपच्या टपावर बांधलेला बंब! मी वैतागलो. नवा रंग, नव्या फरशा, हा ठेवायचा कुठं?

"बाबा, इथं पाणी उन्हानं आपोआप तापते. तुमाले आता काहीच करा लागत नाही," मी फुशारकीनं म्हणालो.

ते गच्चीवर गेले, सोलरच्या काचेच्या नळ्या निरखून आले आणि म्हणाले, "मंग मी सकायी उठून काय करू?"

"आराम करा."

त्या उत्तराची आज लाज वाटते. या घरात आपला काही उपयोग आहे का, एवढंच ते विचारत होते, आणि मी नाही म्हणून मोकळा झालो होतो.

बंब माळ्यावर गेला. उन्हाळ्यात आमच्याकडे नळाचंच पाणी चटके देतं, तेव्हा गरम पाण्याची कुणाला पडलेली? पावसाळाभर बाबांचा जीव रमेना. दोनदा गावी परत जायचं बोलले. थंडी पडली तसे मात्र रुळले. पहाटे उठायची सवय काही सुटली नाही. आम्ही उठेपर्यंत न्हाणीघरातून बादली नेऊन पपईला, कढीपत्त्याला पाणी घालून झालेलं असे आणि ते माझ्या मुलींना हाका मारत असत, "उठा बाप्पा, पाणी गरम हाये!" सोलरचं पाणी गरम आहे हे सांगायला माणूस कशाला लागतो, असं मी एकदा त्यांना बोलूनही दाखवलं. ते नुसते हसले.

असे पाच हिवाळे गेले. गेल्या दिवाळीनंतर बाबा वारले.

तेराव्यापर्यंत घर पाहुण्यांनी भरलेलं, कोण कधी आंघोळ करतं याचा पत्ता नव्हता. पाहुणे पांगले, मुलींची शाळा सुरू झाली आणि पहिल्याच सकाळी धाकटी न्हाणीघरातून किंचाळली. पाणी थंडगार होतं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी सोलरच्या मेकॅनिकला बोलावलं आणि आल्या आल्या सुनावलं.

तो शांतपणे गच्चीवर जाऊन आला. नळाखाली बादली ठेवली, नळ सोडला आणि उभा राहिला. बादली काठोकाठ भरली तेव्हा कुठे धारेतून वाफ निघायला लागली.

"बिघडलं काईच नाई, साहेब. रातभर पाइपातलं पाणी थंडं होते. पयली बादली थंडीच येते, सगळ्याइच्याच घरी. इतके वर्स तुमाले मालूम नोतं?"

नव्हतं. पाच वर्षांत आमच्यापैकी एकाच्याही अंगावर ती बादली पडली नव्हती.