भाऊजींनी ऐकलेलं गाणं

मी पस्तीस वर्षं कळमेश्वरच्या शाळेत विज्ञान शिकवलं. भुताखेतांच्या गोष्टी काढणाऱ्या पोरींना मीच दटावायची. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाज वाटते आहे... पण ज्यांच्या बाबतीत हे घडलं ते माझे भाऊजी मागच्या वर्षी गेले. आता सांगायला हरकत नाही.

साल १९७४, डिसेंबर. माझी थोरली बहीण कुसुमताई बाळंतपणात गेली, त्याला वर्ष झालं होतं. बाळही वाचलं नव्हतं. तिचे यजमान, म्हणजे भाऊजी, खापरखेड्याच्या वीजकेंद्रात फिटर होते. वर्षश्राद्ध आटोपल्यावर मी त्यांना म्हटलं, "मले नागपूरचं ते जुनं सभागृह पाहायचं आहे. लग्नाआधी ताई तिथं स्पर्धेत गायली होती."



"गाते म्हणून ठाऊक होतं," ते म्हणाले. "ऐकलं कधीच नाही. आमच्या मायले गाणं-बजावणं चालत नव्हतं. अन् मीही कधी म्हटलं नाही."

पुढच्या रविवारी आम्ही निघालो. सीताबर्डीवर तर्री-पोहे खाल्ले, महाराजबागेत फिरलो. ताईचा विषय दोघांनीही काढला नाही. दुपारी दोनच्या सुमारास शुक्रवारी नावाच्या तलावाजवळच्या त्या सभागृहात पोचलो. कार्यक्रम नव्हता. चौकीदाराला विनंती केली, तर त्यानं दार उघडून दिलं.

आत लाकडी खुर्च्या, उंच झरोके, रिकामा मंच, त्याच्या मागे ओढलेला पडदा. मी मंचापर्यंत गेले, लाकडावर हात ठेवला. खरं सांगते — मी तिथे वाट पाहत होते. कशाची, ते माझं मलाच कळत नव्हतं. काहीच झालं नाही. पारवे घुमत होते, तेवढाच आवाज. भाऊजी मागच्या रांगेत डोळे मिटून बसले होते. दहा-पंधरा मिनिटांनी आम्ही बाहेर आलो.

तलावाच्या काठावर बसून मी संत्रं सोलत होते. भाऊजी काहीतरी गुणगुणायला लागले. बेसूर, तुटक... पण माझे हात थांबले.

ती भीमपलासातली चीज होती. अंतऱ्यात एक शब्द होता — चमेली. ताई लहानपणी तो चुकीचा शिकली होती, 'चिमणी' म्हणायची. गुरुजींनी कितीदा सुधारलं. स्पर्धेतही तिनं चिमणीच म्हटलं, लोक हसले, आणि ती घरी येऊन रडली. त्यानंतर ती चीज तिनं पुन्हा कधी गायली नाही.

भाऊजी 'चिमणी' म्हणत होते.

"भाऊजी, हे काय म्हणून राहिले तुम्ही?"

"आत ती बाई गात नव्हती का आता?" ते सहज बोलले. "पडद्यामागं. चांगला आवाज होता वं."

मी त्यांना सांगावं की नाही? संत्रं संपेपर्यंत मी विचार करत राहिले. शेवटी सगळं सांगितलं — चमेली, चिमणी, सगळं.

 त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड झाकून घेतलं. रस्त्यानं माणसं जात होती, पण त्यांना त्याचं भान नव्हतं.

"संसाराच्या सहा वर्षांत एकदा म्हणायले पाहिजे होतं," ते म्हणाले. "कुसुम, गा म्हणून. एवढंच."

नंतर मी परत जाऊन चौकीदाराला विचारलं. आत कोणी नव्हतं, पडद्यामागच्या खोलीला तर कुलूप होतं. मी स्वतःला समजावलं की ताई स्वयंपाक करताना कधी गुणगुणली असेल, भाऊजींच्या कानावर पडलं असेल. मी हे त्यांनाही म्हटलं. "नाही," एवढंच म्हणाले. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही.

हे काय होतं, मला आजही सांगता येत नाही. पण मला छळतो तो प्रश्न वेगळाच आहे. लहानपणापासून तिच्याशेजारी बसून मी ते गाणं ऐकलं. वर्षभर मी तिच्या आवाजासाठी तळमळत होते. मंचाला हात लावून उभी होते...

मग मला का नाही ऐकू आलं?