जुना रघू, मीठ न घालता

“आज वार कोणता, रघुनाथ?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“मटण,” रघूदादा म्हणाला.

मी खिडकीकडे तोंड करून हसू गिळलं. रघूदादाच्या आठवड्यात वार नाहीत, कालवणं आहेत. मटण म्हणजे रविवार. तो दिवस होता बुधवार, म्हणजे वांगं. पण पांढऱ्या कोटातलं माणूस एवढं प्रेमानं विचारतंय, तर वांगं कशाला सांगायचं?

“बरं, देशाचा पंतप्रधान कोण?”

“आक्का.”

आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. ती बाजूलाच बसली होती, पदर मुठीत धरून.

आमची कार्यशाळा कर्जतच्या बाहेर, नदीकडं उतरणाऱ्या वाटेवर. ज्यांना लोक मतिमंद म्हणतात अशी मोठी माणसं इथं पत्रावळी लावतात. मी त्यांचा इन्स्ट्रक्टर. माझं शिक्षण कर्जतच्या शाळेत झालं, आणि त्यातलं उपयोगी शिक्षण म्हणजे मास्तरांच्या नकला. इथं येऊनही खोड गेली नाही. मॅनेजरची करतो, डॉक्टरीणबाईंची करतो, आणि सगळ्यात फर्मास रघूदादाची. तो स्वतःच पुढं बसून मांडीवर थापा मारायचा. “परत, पोपट, परत!” पोपट म्हणजे मी.

रघूदादा चाळिशी ओलांडलेला. जन्मापासून डाऊन्स सिंड्रोम, म्हणजे डोळे जरा तिरके, जीभ जड, शिकायला वेळ लागतो. पण एकदा शिकला की पक्का. आमच्याकडं त्याच्यासारखी पत्रावळ कुणाची नव्हती.

मग एका पावसाळ्यानंतर काय झालं कोण जाणे. पान हातात घ्यायचा आणि हात तसाच हवेत राहायचा. दुपारी आमच्या पत्र्याखाली सगळंच तरंगत असतं. पळसाच्या पानांचा ओला वास, सगळ्यांच्या पेंगलेल्या माना, समोर माथेरानचा डोंगर धुरकट, जमिनीवरून सुटून चालल्यासारखा. मला वाटायचं, रघूदादाही त्या डोंगरावर बसून कुठंतरी निघालाय. एकदा तर घरून येताना रस्ता सोडून शेतात गेला आणि संध्याकाळपर्यंत बांधावर बसून राहिला. सापडला तेव्हा भोवती बगळे. तोही त्यांच्यातलाच एक, पांढऱ्या सदऱ्यातला.

मॅनेजर देशमुख साहेब वैतागले. “अरे, नाटकं आहेत नाहीतर वेड लागलंय. उद्या नदीत गेला तर मी कुणाला तोंड दाखवू? घरी ठेवा नाहीतर वेड्यांच्या इस्पितळात पाठवा.”

घरी कोण बघणार? आक्का दिवसभर बाजारात भाजी विकते. म्हणजे राहिलं इस्पितळ.

त्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी स्क्रीनिंग करू. त्या मुंबईहून महिन्यातून एकदा येतात. स्क्रीनिंग म्हणजे चाळण. आजार ठरवायचा नाही, नुसतं चाळून बघायचं की पुढं तपासायला हवं का. त्यांना शंका होती डिमेन्शियाची, म्हणजे शिकलेलं हळूहळू पुसत जाणं. म्हातारपणी होतं ते. पण डाऊन्सच्या माणसांना लवकर गाठतं, असं त्या म्हणाल्या.

मटण आणि आक्का ऐकल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं. “ह्या प्रश्नांचा उपयोग नाही. वीस वर्षांपूर्वी विचारले असते तरी हीच उत्तरं. मला हवंय ते वेगळं. आधी काय यायचं, आता काय येत नाही?”

“आधीपासून असाच,” साहेब म्हणाले. त्यांनी रघूदादाकडं नीट कधी बघितलंच नव्हतं.

“जल्मापासून असाच हाय वो, डाक्टरीणबाय,” आक्का घाईनं म्हणाली. “काय बी बदलला नाय.” बदलला म्हटलं की नेतील, ही तिची भीती. मला ती तिच्या मुठीतल्या पदरात दिसत होती.

डॉक्टरीणबाई माझ्याकडं वळल्या. “तू माझी नक्कल करतोस म्हणे.”

“नाही... म्हणजे... थोडी,” मी म्हणालो.

“ती नंतर बघते. याची कर. दोन वर्षांपूर्वीचा रघुनाथ. आणि हे बघ, हसवायचं नाही. मीठ घालू नकोस. होता तसा दाखव.”

बिनमिठाची नक्कल मी जन्मात केली नव्हती. लय अवघड असते हो! बसलो मांडी घालून. पान उचललं, मांडीवर पुसलं, गुळगुळीत बाजू वर केली. दुसरं पान त्यावर. चोय म्हणजे बांबूची बारीक काडी, ती टोचून पानं जोडायची. टोचली, दातानं तोडली. पत्रावळ पुरी झाली की छत्रीसारखी डोक्यावर धरली आणि ओरडलो, “जेवा रं!”

कुणी हसलं नाही. आक्काच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. “असाच करायचा वो. अगदी असाच.”

“आता आजचा,” डॉक्टरीणबाई.

पान उचललं. हात हवेत थांबवला. मान वाकडी करून तोंड दाराच्या उजेडाकडं नेलं. बोटानं पानाची कड चाचपली.

“थांब. मान का वाकडी केलीस?”

“तो करतो.”

“दोन वर्षांपूर्वी करायचा?”

मी आठवून बघितलं. म्हणजे मानेला विचारलं. “नाही, बाई.”

त्यांनी बॅगेतून टॉर्च काढली. रघूदादाच्या बुबुळात दोन्हीकडं दुधासारखं पांढरं. मोतीबिंदू. बिचारा रस्ता विसरला नव्हता, त्याला रस्ता दिसतच नव्हता. आणि त्याला काय माहीत, बाकीच्यांना असं धुकं दिसत नाही म्हणून?

ऑपरेशन झालं. सोडाबाटलीच्या बुडासारखा चष्मा लावून तो आला. मला निरखून म्हणाला, “पोपट, तू लय काळा हायस रं.” मग बसला आणि पत्रावळी लावायला लागला. पुसली, टोचली, तोडली. साहेबांनी इस्पितळाचं नाव परत काढलं नाही. आक्कानं मला कलिंगड दिलं.

पण पुरी झालेली पत्रावळ त्यानं नुसती बाजूला ठेवली. डोक्यावर धरली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, पुढच्या महिन्यातही नाही.

“डोळ्यांनी नेलेलं परत आलं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “हे दुसऱ्या कुणी तरी नेलंय. लक्ष ठेवू.”

आता दर सहा महिन्यांनी मी त्यांना दोन रघू दाखवतो, जुना आणि आजचा. आक्का आता काही लपवत नाही. घरात काय कमी झालं ते सांगते, आणि आम्ही त्याप्रमाणे काम सोपं करतो. सकाळी त्याला आणायला मी जातो.

परवा जुना रघू करताना मी पत्रावळ डोक्यावर धरून ओरडलो, “जेवा रं!” रघूदादा चष्म्यातून डोळे मोठे करून बघत होता. मांडीवर थापा मारत हसला. “येडाच हाय तो!”

“कोण रं, रघूदादा?”

त्यानं विचार केला. “तुझा पावणा आसंल कोनतरी.” आणि मग, “परत, पोपट, परत!”

मी परत केला.

धडा एवढाच. माणूस विसरला म्हणायच्या आधी त्याला दिसतंय का बघा, ऐकू येतंय का बघा. आणि तो धड आहे तोवरच त्याची एक नक्कल शिकून ठेवा. मीठ न घालता.