जांभळ्या टोपणाचे रक्त

आमच्या रुग्णालयात बावीस वर्षे रक्त घेण्याचे काम करणाऱ्या बाईंना सारे ‘मुंगीबाई’ म्हणत. त्यांची सुई मुंगी चावल्याइतकीच जाणवते, असे रुग्णांचे म्हणणे. आधी रुग्णाच्या तोंडून त्याचे नाव वदवून घ्यायचे, मग सुई, आणि नळीवरची चिठ्ठी त्याच्या उशाशीच चिकटवायची, हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही. त्यांची चूक झाली ती निराळ्याच ठिकाणी.

एका सकाळी त्यांनी एका आजींचे रक्त आणले. तासाभरात यंत्राने दाखवलेला पोटॅशियमचा आकडा मी फोनवर सांगताच वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंचा आवाज बदलला.

“अहो, इतक्यावर हृदय थांबतं! उतरवायचं इंजेक्शन लगेच भरायला सांगते.”

मी तेव्हा प्रयोगशाळेचा प्रमुख होतो. फोन ठेवल्यावर निकालाच्या त्याच कागदावर खाली कॅल्शियम जवळजवळ नाहीसे झालेले दिसले आणि मी बाईंना बोलावून घेतले. रक्त गोठू नये म्हणून जांभळ्या टोपणाच्या नळीत जे द्रव्य असते, त्यात पोटॅशियम असते आणि ते द्रव्य कॅल्शियमला बांधून टाकते. ज्या लाल टोपणाच्या नळीतून पोटॅशियम मोजतात, तिच्यात त्याचा थेंबही जाता कामा नये.

“बाई, लाल नळी कशी भरलीत?”

“शीर दोनदा निसटली, साहेब. लाल नळी अर्धीच झाली. हात काळानिळा पडलेला, तिसऱ्यांदा टोचवेना. जांभळीतलं थोडं ओतलं.”

“ठाऊक नव्हतं?”

“होतं. एकाच माणसाचं रक्त, चार थेंबांनी काय होतंय, म्हटलं.”

मी फोन लावला. वॉर्डात कोणी उचलेना. आजींचे पोटॅशियम मुळात ठीक असेल, तर ते इंजेक्शनच त्यांच्या हृदयाचे ठोके बिघडवणार होते. मी मान वर केली तोवर बाई जिन्यावर होत्या. पन्नाशीतल्या त्या बाई दोन मजले धावत गेल्या. मी धापा टाकत पोहोचलो, तेव्हा परिचारिकेच्या हातात सिरिंज भरलेली होती आणि बाई खाटेपुढे आडव्या उभ्या होत्या.

“देऊ नका! आकडा खोटा आहे. चूक माझी आहे.”

आजींनी डोळे किलकिले केले. “का गं, मघाचं रक्त प्यायलीस की काय?”

“नाही आजी, वाया घालवलं. आणखी एकदा टोचू द्याल?”

“टोच बाई. पण या खेपेस पुरेसं ने. माझ्याकडे काय त्याचं पीक येतं?”

बाईंनी त्याच काळ्यानिळ्या हातावर पट्टा आवळला. सुई लागली तशा आजी कळवळल्या. नळी मात्र पुरती भरली.

नवा आकडा अगदी सर्वसाधारण आला. इंजेक्शन टाकून देण्यात आले. चुकांच्या नोंदवहीत ‘नमुना खराब’ एवढेच लिहावे, असे मी सुचवले. बाईंनी पेन माझ्या हातून घेतले आणि काय ओतले, कशात ओतले आणि का, हे सारे स्वतःच्या अक्षरात लिहून खाली सही केली.

त्यानंतर कोणी ‘मुंगीबाई’ अशी हाक मारली, तर त्या वळून पाहत नसत.