कोर्टात ठोकलेला सत्कार

आमच्या शहराला खेळणाऱ्या बायकांचं कौतुक लई. खेळायला जागा मागा, नाय म्हणतील. सत्कार म्हणा, लगेच मांडव.

मी आणि माझी जोडीदारीण दुहेरी बॅडमिंटन खेळायचो. मी मुकुंदवाडीची, ती पिशोरकडची, मेंढरामागं फिरणाऱ्या घरातली. आमच्याच घरी राहायची. शहरातल्या हॉलमधलं लाकडी कोर्ट आम्हाला मिळायचं भर दुपारी, पुरुषमंडळी जेवून आडवी व्हायची तेव्हा. वर नियम असा की बाहेरची चप्पल आत नाय. खेळायचे बूट पिशवीतून आणायचे, दारात घालायचे. माझी आई एकदा डबा घेऊन आली, तर अनवाणी आत येते म्हणाली तरी तिला उन्हात उभं केलं.

त्या वर्षी आम्ही विभागात जिंकलो. पुढच्याच आठवड्यात राज्याच्या संघाची निवड होती. तिच्या बापानं साफ सांगितलं होतं, संघात आलीस तर खेळ, नाय तर दिवाळीनंतर लगीन. पोरगी रात्री झोपेतसुद्धा मनगट फिरवायची.

तेवढ्यात हॉलच्या अध्यक्षांना आमच्या सत्काराची हुक्की आली. तीही कोर्टावर. आयजीच्या जिवावर बायजी उदार. आम्ही दोघी जाऊन म्हणलं, भाऊ, निवड होऊ द्या, नाय तर बाहेर पटांगणात घ्या.

"बाहेर ऊन असतं पोरींनो," ते म्हणाले. "पाहुण्यांना त्रास व्हायचा."

झालं. माझ्या आईला जिथं पाय ठेवू दिला नव्हता, तिथं आलम दुनिया चपला घालून फिरली. गुळगुळीत लाकडावर स्टेज सरकायला लागलं, तर मांडववाल्यानं बिनदिक्कत फळ्यांत खिळे ठोकले. पूजेचा नारळही तिथंच आपटला. मग आधी मान्यवरांचे सत्कार, त्यांच्यामागून मान्यवरांच्या मिसेसचे. आमच्यापर्यंत येईस्तोवर हार संपले आणि निम्मे लोक जेवणाकडं पळाले. अध्यक्षांनी आम्हाला 'टेनिसच्या वाघिणी' केलं. हातात दिलं काय, तर शाल, श्रीफळ आणि कुकर. मागच्या साली जिंकलेल्या पुरुषांच्या जोडीला घड्याळं दिली होती. त्यांना वेळ असतो, आम्हाला भात.

"दोन शब्द बोल बेटा," म्हणत त्यांनी माइक तिच्यापुढं धरला.

"स्टेज आजच काढा," ती म्हणाली. "आम्हाला खेळायचंय."

टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी तर सगळ्यात जोरात वाजवल्या. या लोकांना टाळ्या वाजवायला ऐकायची गरज नसते.

स्टेज निघालं ते दोन दिवसांनी. खिळे उपटले, भोकं तशीच ठेवली. एका फळीचा टवका वर आलेला. मी म्हणलं, आजचा दिवस राहू दे. ती म्हणाली, "दिवस उरलेत कुठं?" आणि उंच आलेलं शटल घ्यायला मागं सरकली. बूट टवक्यात अडकला, गुडघा फिरला. ओरडली नाय. खाली बसून नुसतं "गेलं" म्हणाली.

गेलंच. बाप शब्दाला पक्का निघाला. दिवाळीनंतर सिल्लोडला दिली तिला. रुखवतात बाकीच्या भांड्यांबरोबर तो कुकरही मांडला होता, झाकणावर हॉलचं नाव कोरलेलं.

अध्यक्ष लग्नाला आले. का नाय येणार, आमच्या शहरात असल्यांशिवाय अक्षता पडत नाय. रुखवतापाशी थांबले, झाकणावरचं नाव वाचलं, आणि माझ्याकडं वळून हसले.

"बघा, आपली भेट उपयोगी पडली की नाय."

मला त्यांची इतकी किळस आली की मी तोंड फिरवलं. तिकडून तिची मावशी तिला घेऊन आली. नवरीनं मोठ्यांच्या पाया पडायची रीत. अध्यक्षांनी आशीर्वादाचा हात आधीच वर धरला.

ती वाकायला गेली. गुडघा वाकला नाय.

तेवढं एक बरं झालं.