केवड्याचा कागद आणि आंबिलीचे जंतू

माझी नात पुण्याला जंतूंवर संशोधन करते. परवा सुट्टीत आली तेव्हा तिनं मोबाईलवर नखाएवढ्या काचेच्या पट्टीचा फोटो दाखवला. त्या पट्टीत म्हणे केसाहून बारीक खोल्या असतात. एका खोलीत एका जातीचे जंतू, शेजारच्या खोलीत दुसऱ्या जातीचे. मधल्या भिंतीतून जंतूंना जाता येत नाही, पण ते जे काही पाझरवतात ते पलीकडे पोचतं, आणि मग पलीकडचे फोफावतात की मरतात ते पाहायचं. ती म्हणाली, तुझ्या काळी असं काही नसेल ना गं आजी. मी म्हटलं, होतं की. अत्तरवाल्याच्या दुकानात मिळायचं.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. चंद्रपूरच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र हा विषय नवा होता आणि तो शिकवायला मीही नवीच होते. नागपूरची एम.एस्सी. आणि कडक इस्त्रीचा पांढरा कोट, एवढं माझं भांडवल. तो कोट घालून मी भाजी आणायलासुद्धा जायची. एकदा बाजारात एका म्हातारीनं मला नर्स समजून सुई टोचून घ्यायला दंड पुढे केला, तेव्हाही मला अभिमानच वाटला.

प्रयोगशाळेत एक सूक्ष्मदर्शक होता, निर्जंतुक करायला मोठा प्रेशर कुकर होता आणि जंतू वाढवायची एक उबदार पेटी होती. जंतूंना सदतीस अंश मानवतात, म्हणून जगभर ही पेटी तापवतात. आमच्याकडे उन्हाळ्यात खोलीच पंचेचाळीसच्या घरात जायची, त्यामुळे पेटीत आम्ही डस्टर ठेवायचो. जंतूंच्या काचेच्या बशा मातीच्या रांजणात ठेवायच्या, रांजणाभोवती ओलं पोतं गुंडाळायचं, आणि पोतं वाळलं की पाणी मारायचं. चंद्रपूरच्या जंतूंना ऊब कशाला, सावली द्या, असं मी वर्गात ऐटीत सांगायची.

त्या उन्हाळ्यात विद्यापीठाची समिती येणार होती. प्रयोगशाळेत धड प्रयोग दिसला नाही तर विषय बंद होणार, असं प्राचार्यांनी बजावलं होतं. मला दुसरीकडे कुठेतरी नोकरी मिळाली असती. खरा जीव टांगणीला होता तो गडचिरोलीतल्या मुलचेऱ्याकडच्या बंगाली वस्तीतून आलेल्या एका विद्यार्थिनीचा. बापानं तिला चंद्रपूरपर्यंतच धाडायचं कबूल केलं होतं. विषय बंद पडला तर नागपूर वगैरे काही नाही, घरी जायचं आणि बोहल्यावर चढायचं. समिती येईल त्या दिवशी तो स्वतः निकाल ऐकायला येणार होता.

मी प्रयोग ठरवला तो आंबिलीचा. आमच्या घरी उन्हाळाभर ज्वारीच्या पिठाची आंबील आंबायची आणि कधी बिघडायची नाही. म्हणजे तिच्यातले जंतू दुसऱ्या जंतूंना हाकलत असणार. मी वाटीभर आंबील न्यायला लागले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "माझी आंबील बशीत घालून काय पाहून राह्यली वं तू? प्याची तं पी."

हत्यार होतं साधं सेलोफेन, ज्याला बाजारात जिलेटिन कागद म्हणतात. बशीत खळीसारखं जंतूंचं खाद्य थिजवायचं, त्यावर कागद अंथरायचा, कागदावर आंबिलीच्या जंतूंचा एक ठिपका द्यायचा. दुसऱ्या दिवशी कागद चिमट्यानं उचलला की आंबिलीचे जंतू कागदाबरोबर निघून जातात. खाली पाझरलेलं तेवढं मागे राहतं. मग त्या जागेवर दुसरे जंतू पेरायचे. मी पेरले ते हवेतूनच धरलेले, लिंबासारखे पिवळे. सगळीकडे पिवळं उगवलं आणि ठिपक्याखालची जागा कोरी राहिली, की समजायचं पाझर लागू पडला.

कागद मी चौकातल्या अत्तरवाल्या चाचांकडून आणला. ते त्यात बाटल्या गुंडाळून द्यायचे. कागद आधी पाण्यात उकळायचा असतो, पण उकळला की सुरकुततो, आणि समितीपुढे सुरकुतलेला कागद माझ्या कोटाला शोभला नसता. म्हणून जंतू मारण्यापुरते सगळे तुकडे मी एकाच भांड्यात स्पिरिटमध्ये बुडवून वाळवले.

निकाल असा आला की माझे पाय जमिनीवर ठरेनात. ठिपकाभर जागा नव्हे, कागदाखालचं अख्खं मैदान साफ. पिवळे जंतू फक्त बशीच्या कडेला. त्या मुलीनं बशी उजेडाला धरून विचारलं, "मॅडम, ठिपका एवढासा, मग सगळीकडचे कसे मेले?" मी तिला आंबिलीच्या सामर्थ्यावर असं काही व्याख्यान दिलं की बिचारी बशी धुवायला निघून गेली. स्टाफरूममध्ये मी सांगून टाकलं, आंबिलीत औषध सापडलं. रात्री आरशासमोर सत्काराचं भाषणही म्हणून पाहिलं. चांगलं झालं होतं.

समितीसाठी आणखी बशा मांडायच्या म्हणून मी पुन्हा चाचांकडे गेले. त्यांनी पेटीतून गुंडाळी काढली, ती माझ्या नाकापाशी धरली आणि कौतुकानं म्हणाले, "बाई, सूंघके देखो. केवडे की शीशी फूटी थी पेटी में. अब तो हमारे कागज से भी खुशबू आती है."

मी हुंगलं. प्रयोगशाळेत आठवडाभर येत होता तो हाच वास. मला वाटलं होतं, कुणीतरी विद्यार्थिनी नटून येते. अत्तराचं तेल जंतूंना मारतं हे मी परीक्षेत लिहून मार्क घेतले होते. माझ्या भांड्यातल्या स्पिरिटनं तो केवडा सगळ्या तुकड्यांना सारखा वाटून दिला होता, आणि आंबिलीशिवायचा नुसता कागद ठेवलेली बशी मी मांडलीच नव्हती.

परत येऊन मी मुलीला सांगितलं की तुझा प्रश्न बरोबर होता आणि माझं व्याख्यान केवड्याचं होतं. ती हसली नाही. तिनं विचारलं, वेळ उरला आहे का? एका फेरीपुरता होता. आम्ही पातेलं चढवलं, कागद पाणी बदलून-बदलून वास जाईपर्यंत उकळला आणि कुकरमध्ये घातला. मग तीन तऱ्हेच्या बशा मांडल्या. एकीत केवड्याचा नुसता कागद, दुसरीत केवड्याचा कागद आणि आंबील, तिसरीत उकळलेला कागद आणि आंबील. रांजणाच्या पोत्याला पाणी मारायला आम्ही आळीपाळीनं बसलो.

पहिल्या दोन्ही बशा मैदानासारख्या साफ निघाल्या. तिसरीत पिवळ्या रानात चार आण्याच्या नाण्याएवढं एक कोरं वर्तुळ होतं, ठिपक्याच्या बरोबर खाली. लहानसं, पण आंबिलीचं स्वतःचं.

समिती आली त्या दिवशी प्राचार्यांचं म्हणणं पडलं की मोठी मैदानं तेवढी दाखवा. मी तिन्ही बशा ओळीनं मांडल्या. समितीच्या प्रमुखांनी पहिल्या बशीवर नाक नेऊन माझ्याकडे पाहिलं. मी केवड्याची सगळी हकीकत सांगितली, आरशासमोरचं भाषण सोडून. ते ऐकून घेऊन मुलीकडे वळले. कागद मध्ये असताना पलीकडचे जंतू मरतात कसे, हे त्यांनी तिला विचारलं. मी पढवलेली व्याख्या ती साफ विसरली.

"भिंत मध्ये आहे सर," ती म्हणाली, "पण शेजारीण मिरचीची फोडणी देते, तर ठसका आपल्याला लागतेच ना."

प्रमुखांनी तिसरी बशी उचलली आणि उजेडाला धरून ते कोरं वर्तुळ पाहिलं. जाताना प्राचार्यांना म्हणाले, विषय चालू ठेवा, आणि ती पेटी डस्टरसाठी नाही.

फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली मुलीचा बाप बसला होता. खांद्यावर सुंभाची दोरी होती, लेकीची वळकटी बांधून न्यायला आणलेली. मी जाऊन सांगितलं, मुलगी इथेच राहील, अभ्यास पुरा होईल. त्यानं दोरीकडे पाहिलं आणि विचारलं, "तो इसका क्या करूँ?"

मी हात पुढे केला. ती दोरी आम्ही रांजणाच्या पोत्याला बांधली, पोतं सारखं घसरायचं. ती मुलगी शिकून बाहेर पडली तेव्हाही ते तिथेच बांधलेलं होतं.